घरात माणसं: तीन

सोमवार, ४ तारीख

नवं गाव, नवं घर, नवी नोकरी आणि ही नवी कोरी वही. वही नवऱ्याने आणून दिली. इथे तुझी बडबड ऐकायला ओळखीचं कुणी नाही, तेव्हा हिच्याशीच बोलत जा, असं म्हणाला. हे लाडाने म्हटलं की टोमणा मारला, ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला कळत नाही.

घर मात्र झकास आहे. दुसरा मजला, तीन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर बेकरीची मागची भिंत. सकाळी खिडकी उघडली की गरम पावाचा वास थेट ओट्यापर्यंत येतो. सामान उतरतं न उतरतं तोच नवऱ्याने कुलूपवाल्याला बोलावून दाराचं कुलूप बदलून घेतलं आणि तासाभरात नव्या किल्ल्या आत ठेवून दार ओढून घेतलं. कुलूपवाला परत आला तेव्हा त्याला हसू आवरेना. पैसे मात्र त्याने दुसऱ्यांदाही पुरते घेतले.

लेकीला स्वतंत्र खोली मिळाली, त्यामुळे तिचे पाय जमिनीवर नाहीत. सात वर्षांची आहे. एकदा तोंड सुरू झालं की थांबायचं नाव नाही, म्हणून आम्ही तिला टकळीच म्हणतो. त्यात डावखुरी. साध्या कात्रीने तिला धड कापता येत नाही, म्हणून आज डावखुऱ्यांची खास कात्री घेऊन दिली. ती शोधायला दुकानदाराला माळ्यावर चढावं लागलं. मग संध्याकाळभर बाईसाहेब कागदाच्या घड्या घालून हात धरलेली माणसं कापत बसल्या. घरभर कपटे. तीन माणसांची एक माळ माझ्या उशाशी लावून गेली आहे. बाबा, आई आणि मध्ये ती.

उद्यापासून कामावर. छातीत धडधड आहे, पण बरी वाटणारी.

गुरुवार, ७ तारीख

काम काय ते ऐकून सासूबाई फोनवर म्हणाल्या, म्हणजे लोकांच्या पिशव्यांत डोकावायचा पगार मिळतो म्हण की. अगदीच खोटं नाही.

आमच्या केंद्रात घरखर्चाचा अभ्यास चालतो. गावातला बहुतेक व्यवहार आता कार्डावर नाहीतर फोनवर होतो. बँका आणि दुकानं त्या नोंदी नावं पुसून आमच्याकडे पाठवतात, आणि आमच्या पडद्यावर घराला फक्त एक क्रमांक उरतो. महागाई वाढली की घर आधी कशाला कात्री लावतं, पगार झाला की कशावर हात सैल सोडतं, हे आम्ही बघायचं. पण त्याआधी एक साधी गोष्ट कळावी लागते. घरात माणसं किती? तेवढंच दूध दोघं पितात की सहाजण, यावर सगळा हिशेब फिरतो. ते नोंदींत कुठेच नसतं. मग यंत्र खरेदीवरून अंदाज बांधतं आणि शेजारी कारण देतं. छोटे बूट, रंगीत खडू, म्हणजे लहान मूल एक. गुडघ्याचा पट्टा, म्हणजे म्हातारं माणूस एक. मी ते अंदाज तपासायचे, आणि चुकलेले वाटले तर माणसांचा आकडा बदलायचा. एका घराचा आकडा एकदाच बदलता येतो. पूर्वी म्हणे लोक आज एक भरायचे, उद्या दुसरंच, आणि आकडे काही केल्या स्थिर होईनात. आता एकदा बदलला की कुलूप.

आमच्या प्रमुख बाई कडक आहेत, पण चपला काढून मोज्यांवर हिंडतात, त्यामुळे भीती वाटत नाही. शेजारच्या टेबलावर एक पन्नाशीचे गृहस्थ बसतात. सगळे त्यांना एककप म्हणतात. दुपारी ते खालच्या दुकानातून चहाचा एकच कप आणतात, स्वतःच्या कार्डावर. दुसऱ्याने आणलेला घेत नाहीत, दुसऱ्याला पाजत नाहीत. असा चिक्कू माणूस मी जन्मात पाहिला नाही.

आज त्यांनी मला इथली एक पद्धत सांगितली. गावातली झाडून सारी घरं या नोंदींत आहेत, तेव्हा कधी ना कधी आपलं स्वतःचं घर समोर येतंच. आपलं आपल्याला ओळखू येतं. तसं झालं तर हात लावायचा नाही. घर शेजारच्या टेबलाकडे सरकवायचं, आणि काही बोलायचंही नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, तुमच्याच भल्याचं आहे. लोक आपल्या घराचा खर्च सारवून दाखवत असतील, म्हणून असेल. मी मान डोलावली.

शनिवार, ९ तारीख

सुट्टी. घर लावून झालं.

चपलांच्या खणात पुरुषाच्या नव्या सपाता निघाल्या. केवढ्या मोठ्या! नवऱ्याचे दोन्ही पाय एकीत मावतील. नवरा म्हणतो, मी आणल्या नाहीत, आधीच्या भाडेकरूच्या असतील. आधीचा भाडेकरू तळव्यावरची किमतीची चिठ्ठीही न काढता गेला काय, असं मी विचारलं, तर मला म्हणाला, तू आता घरीही तपासणी करणार का.

दूध पुरत नाही. साबणाची वडी बघता बघता पातळ झाली. मी टकळीला रागावले, तर तिने उलट मलाच झापलं, की मी तर हातसुद्धा धुवत नाही. 

तिने आज कापलेल्या माळेत माणसं चार आली. घडी चुकली का, म्हणून विचारलं. नाही म्हणाली. चौथं कोण, तर खांदे उडवून पळाली.

सोमवार, ११ तारीख

जेवणाच्या सुट्टीत टेबलावर बसूनच लिहिते आहे, कारण हसू दाबून पोट दुखायला लागलंय.

आमचं घर सापडलं! सामानाची गाडी, त्याच दिवशी कुलूपवाला दोनदा, आणि डावखुऱ्यांची कात्री. अख्ख्या गावात असं दुसरं घर असणं शक्य नाही. आणि यंत्र काय म्हणतं, घरात माणसं चार! प्रौढ पुरुष दोन, प्रौढ स्त्री एक, लहान मूल एक. कारणं वाचून करमणूक झाली. मोठ्या सपाता एक जोड (म्हणजे आणल्या होत्याच की नवऱ्याने, लबाड कुठला), जास्तीचं दूध, आणि दाढीची पाती. माझ्या नवऱ्याने कॉलेज सोडल्यापासून दाढी केलेली नाही. ऑफिसातल्या कुणाला आणून दिली असतील. दुसऱ्याची कामं करायला हा नेहमी पुढे.

पद्धतीप्रमाणे घर एककपांकडे सरकवायला हवं होतं. पण ते चहा आणायला खाली गेले होते, आणि मला गंमत वाटली. जगातल्या बाकी कुठल्याही घराबद्दल मी चुकेन, पण माझ्या घरात माणसं किती हे मला दुसऱ्याने सांगायचं? मी चार खोडून तीन केले. यंत्राने विचारलं, बदल कायमचा होईल, नक्की का? म्हटलं, नक्की.

संध्याकाळी शाळेतून आणताना टकळीला सांगायला हवं, की आज तुझ्या आईने तुला मोजलं.

मंगळवार, १२ तारीख

नीट लिहायला हवं. नीट नाही लिहिलं तर मलाच खरं वाटणार नाही.

काल शाळा सुटली. सगळी मुलं बाहेर आली. टकळी आली नाही. मी आत गेले. तिच्या वर्गाच्या बाई मला ओळखेनात. गेल्याच आठवड्यात माझ्याशी अर्धा तास बोलल्या होत्या. हजेरीत तिचं नाव नाही. खिडकीशेजारच्या तिच्या जागेवर दुसराच मुलगा, आणि तो म्हणे पहिल्यापासून तिथेच बसतो.

धावत घरी आले. नवरा शांतपणे ताटं मांडत होता. तीन. माझ्या जिवात जीव आला, वाटलं हाच लवकर जाऊन तिला घेऊन आला. विचारलं, टकळी कुठाय. त्याने विचारलं, कोण? मी ओरडले, रडले, त्याचे खांदे धरून हलवले. तो घाबरला, पण तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. आपल्याला मूल नाही, हे त्याने इतक्या जपून सांगितलं, जणू पूर्वीही मला हे सांगावं लागलंय.

मग तिसरं ताट कुणाचं? तर म्हणाला, दादाचं. दादा आपल्याकडेच राहतो ना.

माझ्या नवऱ्याला भाऊ नाही. कधीच नव्हता.

तिच्या खोलीत मोठा पलंग आहे. खाली त्या सपाता. कपाटात तिचा एकही फ्रॉक नाही. तिसऱ्या खुर्चीत मला कुणीच दिसत नव्हतं. पण मी डोळे पुसून पाहिलं तोवर ताट रिकामं झालं होतं, आणि खुर्चीवर हात ठेवला तर ती गरम होती.

माझ्या उशाशी कागदाची माळ अजून आहे. तीन माणसं. मी ती धरून बसले आहे.

बुधवार, १३ तारीख

एककपांनी माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, हात लावलात ना.

त्यांना जिन्यात नेलं. त्यांनी सगळं सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. ते आणि त्यांची आई, घरात दोघंच. यंत्र म्हणालं तीन. त्यांनी हसत हसत दोन केले. घरी गेले तर आई नव्हती, तिच्या जागी त्यांना न दिसणारं कुणीतरी होतं. शेजारीपाजारी म्हणाले, ही तुमची मावशी, कायम इथेच असते. ज्याने आकडा बदलला, त्याच्याच लक्षात राहतं. बाकी कुणाच्या नाही.

यंत्र चुकलं नव्हतं. माझ्या घरात तेव्हा चौघं होते. कुणीतरी नोंदींतून आत शिरलं होतं, थोडंसं दूध, थोडा साबण असं करत. मी म्हटलं, तीन. पण कोण नको ते सांगायला तिथे रकानाच नाही. आकडा आहे, माणूस नाही. मग यंत्राने ज्याच्यावर सगळ्यात कमी खर्च होतो, त्याला वगळलं. सात वर्षांच्या मुलीवर असा किती खर्च होणार? एक कात्री. दोन खडू.

मी. माझ्या हाताने. नक्की का विचारलं होतं, आणि मी नक्की म्हटलं.

प्रमुख बाईंकडे गेले. पाया पडले. त्यांनी पडद्यावर पाहिलं, मग माझ्या नोकरीच्या अर्जावर पाहिलं. घरी माणसं तीन, अर्जातही तीन, तुमची तक्रार काय आहे, म्हणाल्या. रजा घ्या, म्हणाल्या. आवाजात माया होती, तेच जास्त लागलं.

शुक्रवार, १५ तारीख

त्या दादाला उपाशी ठेवून घालवायचं ठरवलं. सपाता बेकरीच्या कचऱ्यात टाकल्या. पाती फेकली. दूध निम्मं केलं. संध्याकाळी नवरा हसत घरी आला, दादासाठी नव्या सपाता, पाती, एक स्वेटर. त्याच्या कार्डावर. मी हात जोडले, नको आणूस, तुझ्याच लेकीसाठी म्हणते. तो रडायला लागला. डॉक्टरांची वेळ घेतो म्हणाला.

त्याच्यावर चिडताही येत नाही.

सोमवार, १८ तारीख

दुसरी वाट. आकडा तीनच राहणार, पण ते तिघं कोण हे यंत्र खर्चावरूनच ठरवतं. म्हणून मी लहान मुलीच्या वस्तू घेतल्या. बूट, तिच्या मापाचे. फ्रॉक. खडू, दप्तर, पाण्याची बाटली. डावखुऱ्यांची कात्री. दुकानदार म्हणाला, गंमत आहे, ही वर्षानुवर्षं कुणी मागत नाही. दोन आठवड्यांपूर्वी तोच माळ्यावर चढला होता.

आमचं घर पडद्यावर उघडून पाहिलं. प्रौढ पुरुष. प्रौढ पुरुष. तिसऱ्या ओळीत परवापर्यंत प्रौढ स्त्री होतं. आज लिहिलंय, प्रौढ स्त्री किंवा लहान मूल.

किंवा.

एककप माझ्या मागे उभे होते, हातात कप. म्हणाले, मलाही हे कळलं होतं. आईसाठी चप्पल आणली, जपमाळ आणली, तिची औषधं आणली. फक्त स्वतःसाठी काही घ्यायचं नव्हतं. एवढंच करायचं होतं. पण रोज दुपारी वाटायचं, मी उरलोच नाही तर? आणि मी खाली जाऊन चहाचा एक कप घ्यायचो.

मी या माणसाला चिक्कू म्हटलं होतं.

बुधवार, २० तारीख

बस नाही, पायी. डब्यात शिळा पाव. डोकेदुखीची गोळी संपली, आणली नाही. फोन बंद पडला, पडू दे. माझ्या नावाने एक पैसा जायला नको.

घाबरले आहे. खूप घाबरले आहे. मला जगायचंय, हेही लिहून ठेवते.

आज तिसरी ओळ, लहान मूल किंवा प्रौढ स्त्री. क्रम बदलला.

शुक्रवार, २२ तारीख

केंद्राचं दार माझ्या कार्डाने उघडलं नाही. पहारेकरी माझ्या आरपार पाहत होता. एककपांनी दार धरून ठेवलं. माझ्याकडे न बघता, नुसतं धरून ठेवलं. त्यांचा चेहरा भिजला होता.

बाई मोज्यांवर माझ्या टेबलापर्यंत आल्या, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, ही कुणाची उरलीय, दुसरीकडे न्या.

घरी नवऱ्याने ताटं मांडली. तीन. मी तिसऱ्यासमोर बसायला गेले तर—

त्यात छोटा चमचा होता.

शनिवार, २३ तारीख

जिन्यात आवाज! टकळी! अखंड बडबड, पायऱ्या मोजत, मध्येच चुकत, पुन्हा खालपासून मोजत. नवे बूट. तेच मी घेतलेले.

दार उघडलं. मी हात पसरले. ती माझ्या हातांतून—

बाबा, भूक लागली, म्हणाली. बाबाने तिला उचलून घेतलं. इतका हसला. कित्येक दिवसांनी हसला.

ती आली. माझी आली. मला दुसरं काही नको. नको म्हणते, आणि रडू थांबत नाही.

तिने एकदा तरी इकडे पाहावं.

रविवार

आता मला तो दिसतो. दादा. साधा माणूस, नीट भांग, नवीन स्वेटर. घरात मला बघणारा तो एकटाच. मी त्याला शिव्या दिल्या, त्याने ऐकून घेतल्या. म्हणाला, मलाही असंच कुणीतरी खोडलं होतं. मग खाली बघत, अगदी हळू आवाजात, शेजाऱ्याला किराणा दुकान दाखवावं तसं म्हणाला, आता तुम्हालाही एखादं घर बघावं लागेल. सुरुवात साबणापासून करा. कुणाच्या लक्षात येत नाही.

नाही. मी कुणाच्या घरात शिरणार नाही. कुणाची तरी टकळी असेल तिथे.

इथेच राहीन. कोपऱ्यात. जितकी राहीन तितकी.

पेन फिकं उमटतंय. नवं घ्यायचं नाही. घेतलं तर नोंद होईल, आणि ती—

नंतर

ती खोलीत आली आहे. कागद शोधते आहे. उशाशी ही वही दिसली तिला. बाबांना हाक मारून विचारलं, ही कोरी वही कुणाची? तो म्हणाला, कुणाची नाही, घे.

कोरी नाही ग.

माझ्यासमोर बसली आहे. जीभ बाहेर काढून घडी घालते आहे. पहिलं पान. चार तारखेचं. डाव्या हातात कात्री, किती छान कापते आता. हात धरलेली माणसं. बाबा, दादाकाका, आणि मध्ये मी, असं म्हणते आहे. मग थांबली. माळेच्या टोकाकडे बघते आहे. टोकाच्या माणसाचा एक हात मोकळा राहिलाय. हा कुणाला द्यायचा, असं स्वतःशीच—

बाळा, इकडे. मी इथे आहे. हात इकडे—

पानं उलटते आहे. पुढचं, त्यापुढचं. या पानावर आली. थांब, एवढं एक पान तरी राहू दे, यात मी तुझं ना